हातभर चुडा

मला वाचवलं ते रिसोडच्या बाजारात बांगड्या घेऊन बसणाऱ्या एका कासारणीनं. हे आधीच लिहून ठेवते. पुढचं सगळं नीट लिहून होईल की नाही याची मला धास्ती आहे. चौथीतच शाळा सुटली. त्यानंतर अक्षराशी गाठ पडली ती इथं इंदुरात, या परमुलखात, तीही शेजारच्या मुलांच्या पाट्या बघून. मध्येच हात थांबला, दुखणं आलं, काही झालं, तरी एवढी ओळ कागदावर राहिली पाहिजे. तिचं नाव मी लिहीत नाही. तिचा धंदा अजून तिथंच आहे, आणि तिच्या नावावर टपून बसलेल्या जिभाही तिथंच आहेत. माझंही नाव लिहीत नाही, पण ते लपवायचं म्हणून नव्हे. लपवायचं असतं तर पुढचं वाक्य लिहिलंच नसतं.

मला कोड आहे. अंगावर पांढरे डाग आहेत. माझ्या माहेरी हे वाक्य कोणी कधी पुरतं उच्चारलं नाही. "तिले ते हाये," एवढंच म्हणत आणि म्हणताना दाराकडे बघत. 'ते' म्हणजे काय, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. घरात कुणीतरी येऊन राहिलंय, ते फक्त मला दिसत नाही, असं वाटायचं.

पहिला डाग कोपराच्या खाली उठला, बोराएवढा. आईला वाटलं भाजलं असेल. मग त्याच्या शेजारी दुसरा आला आणि दोन्ही एकमेकांना मिळाले. आमच्या गावच्या शाळेत आम्ही मोजक्याच मुली होतो. एक दिवस पाटी दाखवायला मी हात पुढं केला आणि मास्तरांनी पाटी घेतलीच नाही. "तिथूनच धर," म्हणाले, आणि लांबून वाचली. दुसऱ्या दिवशी मला दाराजवळ वेगळं बसवलं. मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, आई शाळेत जाऊन भांडेल. आमची आई बांधावरून भांडायची, विहिरीवर भांडायची. त्या दिवशी मात्र भांडली नाही. माझं दप्तर उचलून तिनं खुंटीला लावलं. मास्तरांनी वेगळं बसवलं याचा तिला राग नव्हता. त्यांनी बघितलं होतं, आणि आता आणखी कोणी बघायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग उपाय सुरू झाले. एका वैदूनं बावचीचा लेप दिला. तो लावून मला अंगणात उन्हात बसवायचे. त्यानं कातडी पोळून फोड आले, फोड फुटले, आणि खालून डाग पहिल्यापेक्षा पांढरा निघाला. कोणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी सांगितलं, कोणी दही सोडायला सांगितलं. शेवटी आई मला नवस बोलायला पोहरादेवीला घेऊन गेली. जत्रेची गर्दी होती, तांड्यातांड्यांतून लमाण बाया आल्या होत्या. त्यांचे हात मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या चुड्यांनी भरलेले. मी बघतच राहिले. आईही बघत राहिली. देवीपुढं तिनं काय मागितलं ते मला ठाऊक नाही, पण परतताना गाडीत तिचं तोंड पुष्कळ दिवसांनी हलकं झालेलं होतं. जत्रेतून तिनं नवसाचा नारळ आणला नाही की अंगारा आणला नाही. तिनं एक युक्ती आणली.

त्याच आठवड्यात तिनं कासारणीला घरी बोलावलं.

कासारीण आमच्याकडे आधीही यायची. दोरीत ओवलेल्या बांगड्यांची मलार खांद्यावर टाकून ती गावोगाव फिरायची. नवरा रिसोडला दुकानात बसे, गावोगावची पायपीट आणि आठवडी बाजारातलं पाल हिचं. परका माणूस घरात येऊन बाईचा हात हातात घेतो तो फक्त कासार. त्यामुळं तिला गावातल्या सगळ्या हातांची माहिती होती. कुणाच्या मनगटावर नवऱ्याच्या बोटांचे वळ आहेत, कुणाला खरूज आहे, कुणाच्या हातावर तव्याचा चटका पुन्हापुन्हा का बसतो, हे ती बघायची आणि पुढच्या घरी फक्त बाजारभावाचं बोलायची. तिच्या धंद्यात बांगडी ही दुय्यम गोष्ट. मुकेपणा हे खरं भांडवल.

आईनं दार लोटलं आणि माझी बाही वर केली. कासारणीनं माझा हात मांडीवर घेतला. डागावर अंगठा ठेवून दाबला. वैदूनंसुद्धा काडीनं लेप लावला होता. हाताला हात लावणारी ही पहिलीच.

"दुखते काय वो?"

"नाई."

"खाजवते?"

"नाई."

"मंग कायले झाकता, माय? पोट्टीले फुकटचा भार."

आई म्हणाली, "तू भर. तुले इचारलं नाई म्या."

कासारणीनं मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या चढवल्या. हात वर जातो तसा रुंद होतो, म्हणून माप वाढवत न्यावं लागतं. शेवटच्या तिनं इतक्या घट्ट बसवल्या की त्या खाली घसरू नयेत. डाग दिसेनासे झाले. आई मागं सरकून बघत होती, सारवलेल्या भिंतीकडे बघावं तशी.

आता यातली गंमत सांगते. मला लपवायचं होतं, आणि मी वाजायला लागले. पाणी भरताना वाजत होते, झोपेत कूस बदलताना वाजत होते, भाकरी थापताना तर घरात मंजिरांचं भजन चालल्यासारखं. मी कोणत्या बोळातून चालले आहे हे सगळ्या गावाला कळायचं. विहिरीवर पोरी म्हणायच्या, "सरका वो, लमाणाची सून आली." मी हसायचे. न हसून सांगणार काय? एखादी बांगडी फुटली की तिथं एक फट पडायची. मग दुसरी चढेपर्यंत तो हात पदराखाली धरून मी घरातच बसायचे. आई कासारणीला निरोप धाडायची. कासारीण यायची, फट बुजवायची, माझ्याकडे बघायची, आणि काही न बोलता जायची.

माझ्या वडिलांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते शेतकरी होते, पण बैलांची पारख त्यांच्याएवढी पंचक्रोशीत कुणाला नव्हती. बैलबाजारात सौदा कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोघंजण रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव करतात, बाजूच्याला काही कळत नाही. वडील त्या रुमालाखाली हात घालायच्या आधी बैलाचा ऐब मोठ्यानं सांगायचे. "हा उजव्या बाजूनं मारते." "याले रातीचं दिसत नाई." "हा नांगराले चांगला, पण चिखलात बसते, मंग उठत नाई." ऐब सांगितल्यावर गिऱ्हाईक गेलं तर गेलं. लोक म्हणायचे, याच्या दावणीचा बैल डोळे मिटून घ्यावा. वडिलांना त्याचा अभिमान होता, आणि मलाही होता.

त्यांच्याकडे एक बांडा बैल होता. काळ्या अंगावर पांढरी ठिगळं, पाठीवर एक, पोटावर एक, मानेवर तर पेरूच्या फोडीसारखं. पोळ्याला त्याला धुऊन, शिंगांना बेगड लावून वडील तोरणाखाली पुढं नेऊन उभा करत. सगळं गाव म्हणायचं, काय रूप आहे. वडील मुद्दाम त्याच्या पाठीवर झूल घालत नसत, कारण मग पांढरं झाकलं गेलं असतं. एका पोळ्याला झडत्या, त्या दिवशीची चढाओढीची गाणी, म्हणणारे एकमेकांवर चढत होते, पोरं ओरडत होती, आणि मी आमच्या धान्याच्या कोठ्यात बसून होते, कारण त्या वर्षी मानेवर नवा डाग उठला होता आणि बाहेर पाहुणे होते. कोठ्याच्या फटीतून मला बैल दिसत होता. आमच्या मळ्यातली मोट ज्या म्हशीच्या कातड्याची होती तिच्यावरही पांढरा चट्टा होता. त्या मोटेचं पाणी सगळ्या मिरच्यांना गेलं, मिरच्या सगळ्यांनी खाल्ल्या. बैलाची कातडी, म्हशीची कातडी, दोन्ही उघड्यावर. झाकायची होती ती फक्त माझी. तेव्हा मी रडले होते. आज ते आठवलं की हात शिवशिवतात.

मग सोयरीक आली.

मानोऱ्याकडच्या एका माणसानं वडिलांकडून बैल नेला होता, तोच चिखलात बसणारा. ऐब ऐकून नेला होता. त्याच्या भाच्यासाठी मुलगी बघत होते. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "बैलाचा ऐब जो माणूस आपल्या तोंडानं सांगते, त्याच्या घरची पोट्टी पाह्याचं कामच नाई. तुमी हो म्हना, आमी कुंकू लावाले येतो." वडील हो म्हणाले. आईनं देवापुढं दिवा लावला.

मी भिऊन गेले. भिण्यासारखं माझ्या डोळ्यांपुढं होतं. आमच्याच गल्लीत एक सून अशीच झाकून दिलेली आली होती, एका डोळ्यानं अधू. सासरच्यांना कळलं तेव्हा तिला परत धाडली नाही, ठेवून घेतली. ते परत धाडण्यापेक्षा वाईट होतं. घरातला जो तो तिला 'फसवी' म्हणूनच हाक मारायचा. लहान लेकरंसुद्धा. तिचं खरं नाव मला अजून माहीत नाही.

मी आईला म्हटलं, "त्याईले कळलं तं?"

"लगन झाल्यावर कोन पाह्यते? अन् पाह्यलं तं एक लेकरू होईस्तोवर निभावून ने. मंग कोनी काहाडत नाई."

"अन् निभलं नाई तं?"

"तुह्या मांगं लहान बहीण हाये. तिचा इचार कर."

बहीण माझ्याशेजारीच बसून सागरगोटे खेळत होती. मग मी गोठ्यात गेले. वडील बांड्याचं अंग चोळत होते. मी विचारलं, "बाबा, त्याईले सांगतलं काय तुमी?" ते चोळतच राहिले. "बाबा, बैलाचं सांगता ना तुमी." तेव्हा मान वर न करता म्हणाले, "हे बायांचं काम हाये. मायले इचार." माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच ऐब न सांगता रुमालाखाली हात घातला, आणि त्या रुमालाखाली मी होते.

कुंकवाच्या दिवशी पाहुणे आले. पुरुष ओसरीवर बसले, बाया माजघरात. आमच्याकडे मुलाकडून लुगडं-चोळी येते आणि त्यांच्या नावाचा हिरवा चुडा त्याच दिवशी भरतात. कासारीण आमचीच होती. आदल्या दिवशी आईनं तिला पढवून ठेवलं होतं: पुढच्या चार उतरव, त्या जागी हिरव्या घाल, मागच्यांना हात लावू नको, कोणी विचारलं तर घट्ट झाल्यात म्हण.

मला पाटावर बसवलं. मुलाची आत्या जाडजूड, हसरी, तोंडात पान. माझा हात बघून म्हणाली, "काय वो हे? तांड्यावरून पोट्टी आणली काय?"

बाया हसल्या. आई म्हणाली, "हौस हाये तिले काकणांची."

"हौस असावी. पण नवरा कान झाकून झोपीन."

पुन्हा हशा. कासारणीनं पुढच्या चार उतरवल्या आणि हिरवी हातात घेतली. आत्याबाई म्हणाली, "थांब वो. जुनी काच ठेवून नवा चुडा भरतात काय? आमच्यात चालत नाई. समद्या उतरव."

"मांगच्या घट्ट झाल्या, बाई," आईच बोलली. "लहानपनच्या हायेत. निंघत नाईत."

"कासारणीच्या हातून निंघत नाईत? मंग कासारीण कायची?"

आता कासारणीनं 'नाई निंघत' एवढे दोन शब्द म्हटले असते तर सगळं आईच्या मनासारखं झालं असतं. त्यात तिचं काही जात नव्हतं. असले शब्द तिनं किती घरांत म्हटले असतील. पण माझा हात तिच्या हातात होता आणि तो कापत होता. वरून बांगड्यांमुळं ते सगळ्यांना ऐकू येत होतं, पण तिला ते कातडीतून कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"काय करू वो पोरी?"

तिनं हे आईला विचारलं नाही. आत्याबाईला विचारलं नाही. लेप लावायचा की नाही, शाळा सोडायची की नाही, नवस बोलायचा की नाही, लग्न करायचं की नाही, यातलं काहीही मला त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. पहिला प्रश्न आला तो या बाईकडून, भर माजघरात.

"उतरव," मी म्हटलं.

"मायले इचारू?"

"हात माहा हाये."

आईनं कासारणीला डोळ्यांनी खूण केली. ती तिनं बघितली, हे मी बघितलं. मग तिनं तेलाची वाटी ओढली, माझा हात तेलानं माखला आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. घाई केली नाही, एकही फुटू दिली नाही. शुभकार्यात काच फुटणं वाईट, आणि तिनं ते सांभाळलं, जणू हे शुभकार्यच होतं. बांगड्या ताटात पडत गेल्या. शेवटची उतरली तेव्हा माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा होता. कित्येक दिवसांत वारा न लागलेला, बांगड्यांचे वळ उठलेला, अर्धा सावळा आणि अर्धा पांढरा. तो मी मांडीवर ठेवला. पदराखाली नेला नाही.

आत्याबाईनं आधी काय केलं तर कुंकवाचं ताट माझ्यापासून बाजूला ओढलं. मग म्हणाली, "माय वो. हे काय हाये?"

"भाजलं होतं लहानपनी," आई म्हणाली.

"भाजलं नोहे," मी म्हटलं. "कोड हाये. मानेवर बी हाये. गुडघ्यावर बी हाये."

आईनं मला बसवायला हात धरला, पण मी उठले होते. माजघराच्या उंबऱ्यावर आले. ओसरीवर पुरुष पानसुपारी घेत बसले होते. तो बैल नेलेला मामा वडिलांच्या शेजारीच. इतक्या पुरुषांपुढं मी कधी उभी राहिले नव्हते. पण आवाज आला.

"बाबांनी बैलाचा ऐब सांगून देल्ला तुमाले. माहा सांगतला नाई. म्हनून मी सांगून राह्यली. पाहून घ्या."

आणि हात पुढं केला.

ज्याच्यासाठी मला बघायला आले होते तो मुलगा खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझा हात बघितला, नीट बघितला, आणि मग ओसरीखाली काढून ठेवलेल्या आपल्या जोड्यांकडे बघायला लागला. माझा त्याच्यावर राग नाही. जोड्यांकडे बघणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढावा लागला नाही, यातच मला आनंद आहे. मामानं रुमाल उचलून खांद्यावर टाकला. वडिलांना म्हणाला, "भाऊ, तो बैल अजून चिखलात बसते. पन आमी कधी तुमाले नाव ठेवलं नाई. काहून? तुमी सांगतलं होतं." एवढं बोलून तो उठला. मागून सगळे उठले. पुरणाचा स्वयंपाक चुलीवर तसाच राहिला.

पाहुणे वेशीबाहेर जाईपर्यंत आईनं दम धरला. मग कासारणीवर तुटून पडली. "तुले काय सांगतलं होतं म्या?"

"सांगतलं होतं तुमी."

"मंग?"

"हात तिचा होता, बाई. तिनं उतरव म्हनलं, म्या उतरवल्या."

"आता कोनत्या घरात जाशीन? कोन हात देईन तुह्या हाती?"

"नाई देल्ला तं नाई देईन." मलार खांद्यावर टाकून ती निघाली. दाराशी थांबून मला म्हणाली, "तेल पुसून घे. वारा लागू दे." बस. शाबासकी नाही, आशीर्वाद नाही.

आईचं बोलणं खरं झालं. कासारणीनं कुंकवाच्या पाटावर मुलीचा हात उघडा केला, ही गोष्ट गावात फिरली आणि शेजारच्या गावांतही गेली. ज्या ज्या बाईच्या हातावर काही झाकण्यासारखं होतं ती घाबरली. तशा नसलेल्या किती होत्या? बाजारात बाया तिच्यासमोरून जायच्या आणि पलीकडच्या कासाराकडे बसायच्या. तिनं कुणाचंही काही उघड केलं नव्हतं. जिचा हात, तिच्या सांगण्यावरून उघडला होता. पण हा फरक त्यांना नको होता.

माझ्या बाजूचं म्हणाल तर घरात आई माझ्याशी बोलत नव्हती आणि वडील कुणाशीच बोलत नव्हते. ते बैलबाजारातही जाईनात. एका बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी जुंपली, बांड्यालाच जुंपला, आणि मला म्हणाले, "चाल, बस." रिसोडला बाजारात गाडी थेट कासारणीच्या पालापुढं नेऊन उभी केली. चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "हे माही पोरगी. हिले कोड हाये. कामाले चांगली हाये. तुमच्यापाशी बसत असन तं बसू द्या." दाव्याशी उगाच खेळत उभे राहिले. माझ्या वडिलांना मी त्या रुमालाखालच्या सौद्याबद्दल माफ केलं का? त्या दिवशी केलं होतं. पुढं कधीकधी तो गोठ्यातला दिवस आठवतो आणि माफी मागं घ्यावीशी वाटते. दोन्ही खरं आहे.

मी तिच्याजवळ बसून बांगडी भरायला शिकले. हात कसा दाबायचा, अंगठ्याचं हाड कसं आत घ्यायचं, समोरची बाई गप्पांत गुंतली की बांगडी कशी सरकवायची. पण आधीच गिऱ्हाईक तुटलेलं, त्यात मी शेजारी. एक बाई तर लांबूनच म्हणाली, "आता दोघी मिळून हात उघडे करान काय?" कासारीण म्हणाली, "या ना, तुमचा बी पाह्यू." बाई पळाली. आम्ही पोट धरून हसलो, पण संध्याकाळी मलार जशी आणली तशीच न्यावी लागली.

कासारणीची बहीण इंदुरात दिलेली होती, तिचं बांगड्यांचं दुकान. तिला हाताखाली कोणीतरी हवं होतं. कासारीण स्वतः मला सोडायला आली. अकोल्याहून रेल्वे, खंडव्याला गाडी बदलायची. मी पहिल्यांदाच रेल्वेत बसले होते. सगळे माझ्या हाताकडे बघताहेत असं वाटून मी तो पदरात घेत होते, मग बाहेर काढत होते. तिनं ते बघितलं.

"एक बोलू? त्या दिशी तू बैलाचं काहून काहाडलं?"

"बाबा ऐब सांगतात म्हनून."

"बैल चिखलात बसते हा ऐब हाये. वावरात काम अडते. तुह्या हातानं कोनतं काम अडलं?"

"नाई अडलं."

"मंग कायचा ऐब?"

"मंग काय हाये हे?"

"काय हाये म्हंजे? कातडी हाये."

गाडी चालली होती. मला तिचा राग आला. एवढं मोठं मी बोलले होते, सगळ्या ओसरीपुढं, आणि त्यातही हिनं खोट काढली. पण ती बरोबर होती. उघड्या हातानं उभं राहूनसुद्धा मी त्यांच्याच तोंडचा शब्द वापरला होता.

इंदुरात पहिल्याच गिऱ्हाईकानं माझा हात बघून आपला हात मागं घेतला. "दुसरं कोणी नाही का दुकानात?" मी म्हटलं, "आहे. पण त्यांच्या हातून बांगडी फुटते, माझ्या हातून फुटत नाही." ती गेली. तिच्यामागची बसली. असंच चालत आलं आहे, एक जाते, एक बसते. आता डाग बोटांवर आले आहेत, ओठाच्या कोपऱ्यातही एक आहे. मी भित्री बाई आहे. झोपण्याआधी कडी लागली की नाही ते पुन्हापुन्हा बघते, नवा डाग उठला की त्या दिवशी जेवण जात नाही. पण बाही कोपराखाली शिवून घेत नाही. बांगड्या घालते त्या मोजक्या, हाताला शोभतील तेवढ्या. शिंप्यानं एकदा दयेनं म्हटलं, थोडी लांब शिवून देऊ का? मी म्हटलं, कापड तुमचं वाया जाईल. बहिणीचं लग्न माझ्यामुळं लांबलं, हे मला ठाऊक आहे. ज्या घरानं शेवटी तिला नेलं त्यांना माझ्याबद्दल सगळं सांगितलेलं होतं. तिला आजवर 'फसवी' म्हणून कोणी हाक मारली नाही.

परवा तिकडचा एक माणूस दुकानात माल घ्यायला आला. त्यानं सांगितलं, कासारणीचे गुडघे गेले. गावं फिरणं बंद. बाजारातली तिची मधली जागा दुसऱ्यानं घेतली, ती आता शेवटाला, गुरांच्या हौदाजवळ बसते. तिथवर बाया येत नाहीत. मी तिची आठवण काढते का, असं तिनं विचारलं म्हणे.

मावशी, तुला वाचता येत नाही, हे कोणीतरी वाचून दाखवील. दुकानातून सुटका झाली की मी येणार आहे. इकडच्या चांगल्या बांगड्यांची एक मलार घेऊन येईन. तुला हौदाजवळून उठवीन, धरून बाजाराच्या मधोमध आणून बसवीन, आणि कोपरापर्यंत उघड्या हातांनी तुझ्या शेजारी बसेन. कोण येतं आणि कोण जातं ते आपण दोघी मिळून बघू. तुझे गुडघे चालत नाहीत तर गावं मी फिरेन, जी जी दारं तुला बंद झाली त्या प्रत्येक दाराशी, याच हातानं कडी वाजवून. तेवढे दिवस तू टिकून राहा. मी फेडणार आहे.